देखभालीचं बिल

सांगलीच्या खणभागात, गणपती पेठेत, हरभट रोडच्या आतल्या बोळांत डीटीपीची जी दुकानं अजून चालू आहेत, त्यांच्या संगणकांत वीस-पंचवीस वर्षांचा मराठी मजकूर अडकून पडला आहे. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांच्या स्मरणिका, महाविद्यालयांची नियतकालिकं, कुणा निवृत्त गुरुजींनी लिहिलेला गावाचा इतिहास, नाट्यसंस्थांच्या महोत्सवी अंकांची पानं. सगळं श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं. तो फॉन्ट संगणकावर असला तर मराठी दिसतं; नसला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबं. त्यात काही शोधता येत नाही, मोबाइलवर ते वाचता येत नाही, आणि ज्या दिवशी तो जुना संगणक बसेल त्या दिवशी मजकूर असून नसल्यासारखा.

हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणणारं एक छोटं कन्व्हर्टर आम्ही काही जण मिळून सांभाळतो. ओपन सोर्स आहे. कुणीही घ्यावं, वापरावं, आतला कोड वाचावा, आपल्या सोयीनं बदलावा. मी नोकरी करते पुण्यातल्या कंपनीची, सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरातून. कन्व्हर्टरचं काम संध्याकाळी आणि रविवारी. असं सॉफ्टवेअर सांभाळायला माणसं कुठून आणायची आणि त्या माणसांना पैसे कुठून द्यायचे, हा प्रश्न बरीच वर्षं डोक्यात घोळतो आहे. त्याचं थोडंफार उत्तर आता हाताशी आलंय असं वाटतं, म्हणून लिहायला बसले.

आधी काम नेमकं काय असतं ते सांगायला हवं, कारण पैशाचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमानं टाइप होतो: म, काना, मग ऱ्हस्व वेलांटी, मग म, त्याच्या डोक्यावर रफार, शेवटी क. वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढतात म्हणून ती आधी, रफार वर बसतो म्हणून तो नंतर. युनिकोडमध्ये मात्र क्रम उच्चाराचा असतो: म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरनं वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या मागे न्यायची आणि रफार उचलून मागच्या जागी आणायचा. एका अक्षराच्या बाबतीत हे सोपं आहे. ‘वर्त्स्य’ आला की रफाराला तीन व्यंजनं ओलांडून मागे यावं लागतं, आणि मध्ये अर्धं अक्षर कुठलं, पूर्ण कुठलं, हे ओळखावं लागतं. त्यात प्रत्येक फॉन्टनं आपली अक्षरं वेगवेगळ्या जागी ठेवलेली. एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्यांतसुद्धा जागा बदललेल्या सापडतात.

मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. मागे खणभागातल्या एका डीटीपीवाल्या काकांचा फोन आला. एका ट्रेकिंग ग्रुपची स्मरणिका होती त्यांच्याकडे.

“ताई, तुमचं कन्व्हर्टर ‘दऱ्याखोऱ्यांत’ची वाट लावतंय बघा. पोरं डोंगरात गेलीती, तुम्ही त्यांना समुद्रात घातलं.”

पाहिलं तर खरंच ‘दर्याखोर्यांत’ झालं होतं. जुन्या फॉन्टात तो अर्धा र, डोळ्याच्या पापणीसारखा आडवा, स्वतंत्र चिन्ह म्हणून बसवलेला असतो. तो ओळखून त्याच्या जागी ‘ऱ्’ ठेवला पाहिजे. साधा ‘र्’ ठेवला की पुढच्या ‘या’वर रफार चढतो आणि दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात. हिंदीपुरता विचार करून लिहिलेल्या कोडमध्ये हे राहून जातं, कारण हिंदीला या अक्षराची गरजच पडत नाही. आम्ही ज्या जुन्या कोडावरून सुरुवात केली होती, तो हिंदीसाठी लिहिलेला होता.

दुरुस्ती दोन ओळींची. पण त्या दोन ओळी घातल्यावर आधी नीट चालणारं काही बिघडलं नाही ना, हे बघायला जमवलेले सगळे जुने नमुने पुन्हा चालवायचे, प्रत्येक फॉन्टसाठी. काकांना नवी आवृत्ती पाठवायची, त्यांच्या जुन्या विंडोजवर ती चालत नाही म्हणून पुन्हा बांधायची, काय बदललं ते लिहून ठेवायचं, तोपर्यंत आलेल्या चार मेलांना उत्तरं द्यायची. कोड लिहिण्यापेक्षा हे काम कितीतरी जास्त असतं. ते कुणाला दिसत नाही. बायोडेटात लिहिता येत नाही. आणि ते संपत नाही.

जगातल्या मोठमोठ्या सॉफ्टवेअरांची गोष्टही आतून अशीच आहे, हे मला फार उशिरा नीट कळलं. २०१४च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघड झाली. ती होती ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये. आपण बँकेच्या वेबसाइटवर जातो तेव्हा पत्त्याशेजारी जे कुलूप दिसतं, त्यामागचं काम त्या काळी जगातल्या असंख्य सर्व्हरांवर हे सॉफ्टवेअर करत होतं. त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. त्याच्या संस्थेला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलरच्या. जगाचे आर्थिक व्यवहार ज्यावर चालतात त्याची वर्षाची देणगी एवढी! बोंब झाली तेव्हा गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, इंटेल, आयबीएम सगळे जागे झाले आणि लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकारानं निधी उभा राहिला. पैसा होताच. आग लागेपर्यंत तो कुणी काढला नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते, कारण ती पैशापेक्षा माणसांची आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या जवळपास प्रत्येक आवृत्तीत असतं. ते फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं सांभाळत होते. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा सुरू झाला: काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला हाती द्या. त्यांनी उत्तरात लिहिलं होतं की माझी मानसिक प्रकृती बरी नाही, आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे. त्याच सुमाराला ‘जिआ टॅन’ नावाचं कुणीतरी अगदी गुणी मदतनीस म्हणून वावरत होतं. छोट्या दुरुस्त्या पाठवत, विश्वास कमावत त्यानं हळूहळू प्रकल्पाचे हक्क मिळवले, आणि २०२४ मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४च्या शेवटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्यानं खणत जाऊन मूळ शोधलं आणि जग थोडक्यात वाचलं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. फ्रॉइंडचं कौतुक सगळ्यांनी केलं, करायलाच हवं. मला कॉलिन यांचा तो मेल पुन्हा पुन्हा आठवत राहिला. थकलेला माणूस, दारात उभा राहिलेला एकमेव मदतनीस, आणि तो कोण हे तपासायला ना वेळ, ना बळ. चांगली माणसं वेळेवर शोधली नाहीत की मिळेल त्याच्या हाती किल्ल्या द्याव्या लागतात. माणसं शोधणं हे सुरक्षिततेचंच काम आहे.

मग माणसं शोधायची कशी? यातला एक रस्ता चुकीचा आहे हे जगानं २०२०च्या ऑक्टोबरमध्ये पाहिलं. हॅक्टोबरफेस्ट म्हणून दरवर्षी एक उपक्रम असतो. त्या काळी ओपन सोर्स प्रकल्पांना चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. त्या वर्षी प्रकल्प सांभाळणाऱ्यांवर कचऱ्याचा पाऊस पडला. माहितीच्या फाइलीत कुठेतरी ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढंच जोडायचं आणि आपला बदल म्हणून पाठवायचा. आधीच दमलेल्या माणसांनी तो सगळा निवडत बसायचं. शेवटी आयोजकांना नियम बदलावे लागले: ज्या प्रकल्पाची इच्छा असेल त्यानंच भाग घ्यावा. त्या पोरांचा मला राग येत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पलीकडे एक माणूस बसलेला आहे आणि त्याला हे वाचावं लागणार आहे.

गूगल समर ऑफ कोडची गोष्ट निराळी. ओपन सोर्स प्रकल्पांवर काम करायचा गूगलचा हा उन्हाळी उपक्रम २००५ पासून चालू आहे, विद्यार्थ्याला मार्गदर्शक मिळतो, मानधन मिळतं, आणि दरवर्षी भारतातली पोरं त्यात मोठ्या संख्येनं असतात. त्यातून घडलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. पण मानधनाचे महिने संपल्यावर प्रकल्पात टिकून राहणारी थोडीच, आणि त्यांना दोष देता येत नाही. उन्हाळा संपतो, नोकरी लागते.

आमच्याकडे टिकलेली माणसं सगळी एकाच दारानं आली: त्यांना त्या सॉफ्टवेअरची गरज होती.

तासगावची एक मुलगी, तेव्हा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या आजोबांनी गावाचा इतिहास लिहून ठेवला होता. दुष्काळ, प्लेगच्या साथीत गाव उठून माळावर राहायला गेलं ते दिवस, द्राक्षबागा आल्या तेव्हाची धांदल. छापखाना कधीच बंद पडला होता. उरली होती एक सीडी, शिवाजी फॉन्टातली. तिनं आमच्या कन्व्हर्टरमधून ती काढली, तर पानापानावर अनुस्वार घसरलेले. दुसरं कुणी असतं तर वैतागून सोडून दिलं असतं. हिनं मेल केला. त्यात मूळ ओळ, आलेली ओळ, हवी असलेली ओळ, अशी शेजारी शेजारी मांडलेली, आणि खाली एक वाक्य: “मॅडम, मला वाटतं काना आणि अनुस्वार एकत्र असलेलं चिन्ह तुमच्या यादीत नाहीये.”

बरोबर होतं ते. पण मला आनंद झाला तो त्या मांडणीचा. चूक काय आहे हे इतकं स्वच्छ सांगता येणं, यात निम्मं प्रोग्रॅमिंग आलं. मी तिला लगेच दुरुस्ती पाठवली नाही. ती यादी कुठल्या फाइलीत आहे ते दाखवलं आणि म्हटलं, तूच घाल. तिनं घातली. आठवडाभरानं आणखी एक चूक शोधून आणली. मग एक दिवस ‘मॅडम’ची ‘ताई’ झाली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की चूक कळवणाऱ्या माणसाच्या मेलात पुढचा डेव्हलपर असतो. त्याला उत्तर काय मिळतं आणि किती लवकर, यावर तो राहतो की जातो हे ठरतं. ‘हे आधी विचारून झालंय’ असं तुटक उत्तर देणारे प्रकल्प मी पाहिलेत. तिथे नवीन माणूस येत नाही आणि जुने म्हणतात की आजकालच्या पोरांना चिकाटी नाही.

पण तीच मुलगी पुढच्या वर्षी हळूहळू दिसेनाशी व्हायला लागली. विचारलं तेव्हा म्हणाली, “ताई, आई विचारते रोज लॅपटॉपवर काय करतेस. यातून काय मिळतं? मी काय सांगू?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला ते बोचलं. ‘ओपन सोर्समध्ये काम कर, नाव होईल, नोकरी मिळेल’ हे सांगायला सोपं आहे. पण संध्याकाळचे दोन तास फुकट देणं कुणाला परवडतं? ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, वायफाय आहे, ज्याला बागेत औषध फवारायला, धाकट्याचा अभ्यास घ्यायला, भाकरी थापायला कुणी बोलावत नाही, त्याला. फुकट कामावर उभा असलेला प्रकल्प नकळत अशाच माणसांपुरता उरतो. दऱ्या आणि दर्या यातला फरक ज्या पोरांना झोपेतही कळतो, ती बाहेर राहतात. म्हणून पैशाचा प्रश्न हा माणसांच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. तिला परत आणायचं तर आईला सांगण्यासारखं काहीतरी तिच्या हातात द्यायला हवं होतं.

पैसे कुठून येतात? जगभर पाहिलं तर बहुतेक ठिकाणी राजाश्रय आहे. आपण वेबवर जे देवनागरी वाचतो, त्यातली अक्षरं नीट जुळवणारं हार्फबझ हे सॉफ्टवेअर फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे. ते प्रामुख्यानं लिहिणारे बेहदाद एस्फाबोद यांना आधी रेड हॅटचा, मग गूगलचा पगार होता. लोहित हा मुक्त फॉन्ट रेड हॅटनं सांभाळला. जर्मनीत २०२२ पासून सरकारी पैशातून सॉव्हरिन टेक फंड चालतो. आपल्याकडे झिरोधा कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलर, एकेका प्रकल्पाला १०,००० पासून १ लाख डॉलरपर्यंत. भारतातून असं काही उभं राहिलं याचा मला मनापासून अभिमान वाटला. हे राजे चांगले आहेत. त्यांच्याशिवाय मराठी संगणकावर नीट उमटली नसती.

तरी सांगलीत राहणाऱ्याला राजाश्रयाचा इतिहास ठाऊक असतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानं. दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो त्याचा. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि दरबाराचा आधार सुटला. मंडळी तर उभी होती, नटांची पोटं होती. भावे ती घेऊन बाहेर पडले, गावोगाव फिरले, आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमी त्यानंतर जी टिकली ती तिकीट काढणाऱ्या माणसांवर. राजानं सुरुवात करून दिली हे खरंच, पण नाटक जगवलं ते लोकाश्रयानं.

सॉफ्टवेअरमध्येही लोकाश्रयाचं एक उदाहरण आहे, आणि ते आठवलं की मला अजून भरून येतं. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रं आणि ॲनिमेशन करणारं सॉफ्टवेअर ज्या कंपनीकडे होतं ती २००२ मध्ये बंद पडली. गुंतवणूकदार म्हणाले, १ लाख युरो द्या, कोड मोकळा करतो. टॉन रोझेंडाल यांनी वापरणाऱ्यांपुढे झोळी पसरली. सात आठवड्यांत पैसे जमले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये कोड सगळ्यांचा झाला. आज इथली अभियांत्रिकीची आणि कलाशाखेची पोरं ब्लेंडर शिकतात ते त्या हजारो अनोळखी लोकांच्या वर्गणीवर.

आपल्याकडे वर्गणी नवी नाही. गणपतीला, शाळेच्या खोलीला, पुरानंतर शेजारच्या गावाला आपण देतोच. २०१९ला कृष्णेचं पाणी शहरात घुसलं तेव्हा कोण कुठून काय घेऊन आलं याची मोजदाद कुणी केली नाही. तेव्हा मलाही वाटलं होतं की कन्व्हर्टरसाठी देणगी मागितली की मिळेल. मिळाली, एकदाच. देणगी सणासारखी येते, आणि देखभाल बारा महिने चालते. शिवाय संस्थेकडून देणगी घ्यायची तर संचालक मंडळापुढे विषय ठेवा, ठराव करा, अनुमोदक शोधा. एका पतसंस्थेत आमचा विषय तीन बैठका पुढे ढकलला गेला, मग कुणी काढलाच नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

वाट दाखवली ती त्याच खणभागातल्या काकांनी. मी एकदा दुकानात बसले होते, तेव्हा झेरॉक्स मशीनवाला येऊन सर्व्हिसिंग करून गेला. काकांनी वहीत सही घेतली आणि मला म्हणाले, “तुम्ही देणगी-बिणगी मागू नका हो. एएमसी करा. वर्षाचं बिल द्या, जीएसटी असंल तर लावा, आमचा सीए खूष. मशीन बिघडायची वाट कोण बघतंय? बिघडू नये म्हणून तर पैसे देतो.”

इन्व्हर्टर, आरओ, लिफ्ट, झेरॉक्स, सगळ्याची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असते हे प्रत्येक दुकानदाराला, प्रत्येक संस्थेच्या अकाउंटंटला पाठ असतं. देखभालीला पैसे लागतात हे त्यांना शिकवावं लागत नाही. आम्हीच आमचं काम त्यांच्या ओळखीच्या खात्यावर मांडलं नव्हतं. कोड फुकटच राहिला. घेऊन कुणीही वापरावा, आजही. बिल आहे ते हमीचं: तुमच्याकडचा फॉन्ट चालेल, तुमची अडचण आठवडाभरात बघितली जाईल, नवी विंडोज आली तरी कन्व्हर्टर उभा राहील. दुकानाला वर्षाला दीड हजार, संस्थेला थोडे जास्त. देणगीचा ठराव रखडला होता त्या पतसंस्थेत हेच बिल मॅनेजरच्या सहीनं पास झालं.

काही मित्रांना हे खटकलं. ओपन सोर्सला धंदा केला, असं एक जण तोंडावर म्हणाला. मला ते पटत नाही. स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग ‘कर्ल’ हे सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकापासून लिहीत आहेत. मोबाइलपासून मोटारीपर्यंत ते कुठे कुठे बसलंय. २०१९ पासून त्यांचा पगार एका कंपनीकडून येतो, आणि ती कंपनी कर्ल वापरणाऱ्या उद्योगांना मदतीचे करार विकते. कोड मोकळाच आहे. मुंबईच्या फ्रॅपेचं ईआरपीनेक्स्ट घ्या. संपूर्ण हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळं उघडं, आणि कंपनी चालते ती ते चालवून देण्याच्या आणि मदतीच्या पैशावर. फुकट असायला हवं ते स्वातंत्र्य. माणसाचा वेळ फुकट असला पाहिजे असं मुक्त सॉफ्टवेअरच्या कुठल्याही परवान्यात लिहिलेलं नाही.

पैसे यायला लागले तशी दुसरी अडचण आली: द्यायचे कुणाला, कशासाठी? आम्ही एक नियम केला आणि मला तो अजून योग्य वाटतो. कंटाळवाण्या कामाला पैसे. नवा फॉन्ट जोडायचाय, नवी सोय करायचीय, त्यात मजा असते. ते हौसेनं कुणीही करावं. पण जुने नमुने चालवून बघणं, आवृत्ती बांधणं, मेलांना उत्तरं देणं, कागदपत्रं लिहिणं, नव्या माणसानं पाठवलेला कोड नीट वाचून त्याला समजावून सांगणं, याचे तासावर पैसे. जगभर बहुतेक ठिकाणी उलटं होतं. निधी मिळतो तो चमकदार नव्या गोष्टीला, कारण अर्जात ती छान दिसते. आणि प्रकल्प मरतो तो कुणी मेल वाचला नाही म्हणून.

तासगावच्या मुलीला पहिले पैसे बँकेत आले ते नमुन्यांच्या कामाचे. फार नव्हते. पण तिच्या आईनं दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं टेबल खाली काढून खिडकीपाशी लावून दिलं. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा दोघींनाही काही क्षण बोलता येईना.

इथल्या महाविद्यालयांना माझी एक कळकळीची विनंती आहे. शेवटच्या वर्षाला प्रत्येक गट एक प्रोजेक्ट करतो. हजेरीचं ॲप, वाचनालयाचं ॲप, पुन्हा हजेरीचं ॲप. स्पायरल बाइंडिंग होतं, तोंडी परीक्षा होते, कपाटात जातं. त्यातला एखादा गट जरी चालत्या ओपन सोर्स प्रकल्पावर वर्षभर काम करेल, आणि मार्क कोड किती लिहिला यावर नाही तर स्वीकारला किती गेला यावर मिळतील, तर ती पोरं जे शिकतील ते वर्गात शिकवता येत नाही: दुसऱ्याचा कोड वाचणं, ‘हे असं चालणार नाही’ हे ऐकून घेणं, आणि पुन्हा करणं. मराठीपुरतं बोलायचं तर शब्दतपासणी, छापील पानावरून मजकूर ओळखणं, बोललेलं लिहून काढणं, प्रत्येक ठिकाणी हात कमी आहेत. टेसरॅक्ट हे पानावरचा मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर २००५ पासून मुक्त आहे, मराठीही वाचतं. जुन्या शिळाप्रेसच्या पुस्तकांवर ते अडखळतं तिथे शिकवायला मराठी वाचणारीच माणसं लागतील, ती बाहेरून येणार नाहीत.

आणि साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था चालवणाऱ्यांना: तुमच्या वेबसाइटी, तुमची मोबाइल ॲप, तुमच्या सभासदांच्या हातातले अँड्रॉइड फोन, सगळ्याच्या तळाशी लिनक्स आणि असंच कुणीतरी सांभाळलेलं सॉफ्टवेअर आहे. संगणकाच्या वार्षिक खर्चात एक छोटी ओळ त्यासाठी ठेवा. आमच्या कन्व्हर्टरलाच द्या असं नाही. जे वापरता त्याला द्या. तुमच्या संगणक विभागातल्या पोराला विचारा, तो यादी काढून देईल.

एक्सझेडनंतर आम्ही आमच्याकडे एक बदल केला. आवृत्ती प्रसिद्ध करायचे हक्क आता तिघांकडे आहेत, आणि दुसऱ्यानं वाचल्याशिवाय कुणाचाही बदल आत जात नाही, माझासुद्धा. तासगावची मुलगी त्या तिघांपैकी एक. तिला पुण्यात नोकरी लागली. जाण्याआधी तिनं आटपाडीचा एक मुलगा तयार केला, डिप्लोमाला आहे. तोही चूक कळवूनच आला होता, कृतिदेवातल्या जोडाक्षरांची.

त्याचं पहिलं बिल मागच्या महिन्यात आलं. काम बरोबर लिहिलं होतं, तास मला कमी वाटले. फोन केला.

“ताई, त्यातले बरेच तास मला तो कोड समजून घ्यायलाच गेले. ते कसे लावायचे?”

मी म्हटलं, “लाव. समजून न घेता केलेलं काम आम्हाला नकोच आहे.”

त्यानं तास वाढवून बिल पुन्हा पाठवलं, आणि त्याच संध्याकाळी एएमसीच्या खात्यातून ते चुकतं केलं.